मत आणि आहेर : स्पर्धेचे कार्यक्रम, मालिका आणि कोल्हारच्या एका प्रेक्षकाची समीक्षा

१

मराठीत ‘मत’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एखाद्या विषयाचा विचार करून मनुष्य जो अभिप्राय बनवितो ते मत, आणि निवडणुकीत पेटीत टाकावयाचे तेही मतच. पहिल्या मताच्या पाठीशी कारणे असावी लागतात आणि कोणी विचारल्यास ती सांगावी लागतात. दुसऱ्या मताचे कारण विचारण्याचा अधिकार कोणालाच नसतो. ते गुप्तपणे दिले जाते आणि केवळ मोजले जाते. व्यवहारात हे दोन अर्थ इतके सहज वेगळे राहतात की त्यांची गल्लत होईल अशी शंकाही आपल्याला येत नाही. परंतु दूरचित्रवाणीवरील ज्या स्पर्धात्मक कार्यक्रमांना सर्वत्र ‘रिॲलिटी शो’ म्हटले जाते, त्यांच्या चर्चेत मात्र ही गल्लत नित्य होते. आणि तीवर उभारलेले निष्कर्ष विद्वानांच्या लेखनातही आढळतात.

या निष्कर्षांची तऱ्हा साधारणतः अशी असते : अमुक स्पर्धेत अमुक व्यक्ती प्रेक्षकांच्या मतांनी विजयी झाली, तिच्या अंगी त्या स्पर्धेला साजेसा गुण फारसा नव्हता, अतएव प्रेक्षकांची अभिरुची खालावली आहे. या अनुमानातील पहिली दोन विधाने क्षणभर मान्य केली, तरी तिसरे त्यांतून निघत नाही. ते निघण्यासाठी प्रेक्षकाने दिलेले मत हाच त्याचा अभिप्राय होता, असे आधी सिद्ध करावे लागेल. प्रस्तुत लेखकाच्या मते असे सिद्ध करता येणार नाही. प्रेक्षक मत देतो तेव्हा तो पुष्कळदा काहीतरी ‘देत’ असतो. त्याची पारख मात्र त्याच्यापाशीच राहते आणि ती ऐकण्याची तसदी कोणी घेत नाही. हे कसे घडते याचा शोध घेणे, आणि त्यावरून प्रेक्षकाच्या समीक्षाशक्तीविषयी काय म्हणता येईल ते पाहणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

२

स्पर्धा आणि तिच्यावरील लोकांचा कौल ही गोष्ट महाराष्ट्राला दूरचित्रवाणीने दिलेली नाही. कलगी आणि तुरा या पक्षांच्या शाहिरांत होणारे सवाल-जवाब ही एक स्पर्धाच होती. एका फडाने कूट घालावे आणि दुसऱ्याने ते कवनातूनच सोडवावे, असा तिचा नियम होता. उत्तर आले की नाही हे समोर बसलेल्या मंडळींना ऐकूच येत असे. तेव्हा निकाल कोणी जाहीर केला यापेक्षा तो सर्वांसमक्ष लागला, याला अधिक महत्त्व होते.

दुसरे उदाहरण कुस्तीचे. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, गावोगावच्या यात्रांमध्ये कुस्त्यांचा ‘हगामा’ भरतो. हगाम्यातील निकालाविषयी वाद होतात, क्वचित हातघाईवरही येतात; परंतु वाद कशाविषयी आहे ते दोन्ही पक्षांना ठाऊक असते. २०२५ च्या आरंभी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा एका महत्त्वाच्या कुस्तीत पाठ पूर्ण टेकली की नाही, यावरून मोठे वादंग माजले. त्या प्रसंगाला जे गालबोट लागले ते निषेधार्हच होते. तथापि त्यानंतर कित्येक दिवस चहाच्या टपऱ्यांवर जी चर्चा चालली तिचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे होते. लोक चित्रफीत थांबवून खांदा दाखवीत होते. म्हणजे आपल्या म्हणण्याला ते पुरावा देत होते.

तिसरे उदाहरण राज्य नाट्यस्पर्धेचे. १९५४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेने मराठी हौशी रंगभूमीला कित्येक नट व दिग्दर्शक दिले. तेथे निर्णय परीक्षकांचा; प्रेक्षकाला मताधिकार नाही. प्रेक्षक निकालावर नाराज होऊ शकतो, परीक्षकांना नावे ठेवू शकतो. पण नाटकाविषयीचे त्याचे मत अबाधित राहते, कारण ते कोणी मागितलेले नसते आणि मोजलेलेही नसते.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. निर्णय ज्याने कोणी दिला, तो कोणत्या कसोटीवर दिला ते उपस्थितांना ठाऊक आहे. आणि प्रेक्षकाला ‘आवडले’ म्हणून एखाद्याला काही द्यावयाचे असेल, तर त्याची सोय निर्णयापासून अलग ठेवलेली आहे. तमाशाच्या फडात ही सोय दौलतजादा या नावाने ओळखली जाते. प्रेक्षक पैसे पुढे करतो, त्याचे नाव पुकारले जाते, आणि त्याच्या फर्माइशीची लावणी होते. हगाम्यात हरलेला मल्लही चांगला झुंजला असेल तर लोक त्याच्या हातावर बक्षीस ठेवतात. या देण्याने कोणी असे मानीत नाही की हरलेला जिंकला.

३

दूरचित्रवाणीवरील स्पर्धांनी हे दोन व्यवहार एकत्र केले. तेही एकाएकी झाले नाही. १९९५ मध्ये हिंदीत ‘सा रे ग म’ सुरू झाले, तेव्हा निर्णय संगीतातील जाणकारांच्या गुणांवर होत असे. प्रेक्षक घरी बसून आपले गुण मनाशी देई आणि परीक्षकांच्या गुणांशी ते ताडून पाही. कित्येक घरांतून सुरांविषयीचे पहिले शिक्षण या ताडून पाहण्यातून झाले असेल. २००४-०५ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ आले आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांनी विजेता निवडण्याची रीत रूढ झाली. त्या पहिल्या पर्वाचा विजेता अभिजीत सावंत हा मराठी तरुण होता. संदेशाला नेहमीपेक्षा अधिक आकार पडे, आणि एका व्यक्तीने किती संदेश पाठवावेत यावर व्यवहारात बंधन नव्हते. ज्या मतदानात एकाच मतदाराला पैसे भरून कितीही मते देता येतात, त्याला मतदान म्हणावे की दौलतजादा, हा प्रश्न तेव्हाच विचारला जावयास हवा होता.

२०१८ मध्ये ‘बिग बॉस’ हा कार्यक्रम मराठीत आला. नेदरलँड्समध्ये १९९९ साली निघालेल्या ‘बिग ब्रदर’ची ही भारतीय आवृत्ती हिंदीत २००६ पासूनच चालू होती. येथे गाणे नाही, नृत्य नाही, कुस्ती नाही. माणसांनी एका बंद घरात एकत्र राहावयाचे, आणि त्या राहण्यालाच स्पर्धा म्हणावयाचे. गाण्यात सूर लागला की नाही हे तरी सांगता येते; राहण्यात काय लागले म्हणजे मनुष्य जिंकला, याला कार्यक्रमापाशी उत्तर नाही. ते उत्तर प्रेक्षकाने द्यावे अशी योजना आहे. परंतु त्याच्याकडून उत्तर न घेता केवळ मत घेतले जाते. त्या मतांचे आकडेही सहसा जाहीर होत नाहीत. कसोटी अव्यक्त, मोजणी अदृश्य आणि निकाल मात्र समारंभपूर्वक जाहीर, अशी ही रचना आहे.

या मराठी कार्यक्रमाचे पाचवे पर्व २८ जुलै २०२४ रोजी सुरू होऊन ६ ऑक्टोबर २०२४ रोजी संपले. विजेता ठरला बारामती तालुक्यातील मोढवे या गावचा सूरज चव्हाण. बालपणी आईवडिलांचे छत्र हरपलेला, बेताचे शिक्षण झालेला, भ्रमणध्वनीवरील छोट्या चित्रफितींमुळे ‘गुलीगत’ या शब्दासह खेडोपाडी परिचित झालेला हा तरुण. उपविजेता ठरला तो अभिजीत सावंत. एकोणीस वर्षांपूर्वी ज्याच्या गाण्याला देशाने मते दिली होती तोच. मतांच्या रीतीचा या देशातील पहिला मोठा लाभार्थी तिच्याच एका निकालात दुसरा ठरावा, हा योगायोग अभ्यासकाला फार उपयोगी आहे. कारण यात एका बाजूस कमावलेली कला आणि संयत वागणूक, आणि दुसऱ्या बाजूस सोसलेले आयुष्य आणि साधेपणा, अशी निवड प्रेक्षकासमोर उघडपणे मांडली गेली होती.

४

या निवडीविषयी प्रस्तुत लेखकाने कोल्हार येथील काही प्रेक्षकांशी वेळोवेळी बोलणे केले. कोल्हार हे प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर वसलेले भगवतीचे ठाणे. ऊस, बाजार आणि यात्रा यांनी बांधलेले गाव. लगतच्या प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून या पट्ट्यात पैसा आणि शिक्षण दोन्ही आले. तेथे भेटलेल्या प्रेक्षकांपैकी एका बाईंचे बोलणे येथे विचारार्थ घेतले आहे. त्यांचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. त्या पिठाची गिरणी चालवितात. दळणाला आलेल्या बायाबापड्यांशी त्यांची मालिकांवर रोज चर्चा होते, आणि गेली पंचवीस वर्षे मराठी वाहिन्यांवरील बहुतेक प्रमुख कार्यक्रम त्यांनी पाहिलेले आहेत. चाहता या शब्दाने जे सुचते ते सर्व त्यांच्या ठायी आहे : निष्ठा, स्मरणशक्ती आणि भांडण्याची तयारी.

पाचव्या पर्वाविषयी त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. घरात सर्वांत चांगला राहिला तो अभिजीत. तो आवाज चढवून बोलला नाही. ज्यांच्याशी पटत नव्हते त्यांच्याशीही बोलणे तोडले नाही. आणि चूक दिसली तेव्हा ती सांगताना समोरच्याचा पाणउतारा केला नाही. वयाने मोठ्या अशा वर्षा उसगावकर यांच्याशी घरात जे काही बोलले गेले, त्याचा त्यांना अजूनही राग आहे; आणि त्या वेळी कोण कसा वागला याचा हिशेब त्यांच्या मनात नावनिशीवार आहे. सूरजविषयी त्यांना माया आहे, परंतु पारख करताना त्या सैल होत नाहीत. तो मनाने निर्मळ आहे, अंगमेहनतीच्या खेळात कमी पडला नाही. पण घरातील वादांत त्याने आपली बाजू क्वचितच उभी केली, असे त्या म्हणतात.

मग मत कोणाला दिले, असे विचारता त्यांनी तत्काळ सूरजचे नाव घेतले. भाच्याच्या भ्रमणध्वनीवरून, जिओसिनेमा या ॲपवर, रोज. त्यांच्या बोलण्यात आणि करण्यात विसंगती आहे असे सुचविले असता त्यांना ती मुळी दिसलीच नाही. त्यांच्या मते अभिजीतला काही कमी नव्हते; या पोराला होते. ज्याच्या घरी कार्य निघाले आहे त्याला आहेर करावयाचा असतो, आणि आहेर करताना नवरा मुलगा किती शिकला आहे हे कोणी पाहत नाही, असा त्यांचा एकंदर आशय होता.

एका प्रेक्षकावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे उघड आहे. तसा तो येथे मांडावयाचाही नाही. परंतु मत आणि अभिप्राय एकच असतात असा सिद्धान्त जेथे गृहीत धरला जातो, तेथे तो खोडण्यास असे एक उदाहरणही पुरते. शिवाय निकालानंतर जे घडले तेही या आहेराच्या कल्पनेशी जुळते. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सूरजला घर बांधून देण्याचे जाहीर केले. स्पर्धेतील विजेत्याला करंडक मिळतो आणि गरजवंताला घर मिळते. येथे एकाच मनुष्याला दोन्ही मिळाले, आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही.

५

आता प्रश्न असा की, प्रेक्षक येथे पारख बाजूस ठेवून आहेर का करतो? याचे उत्तर आपल्या प्राचीन साहित्यशास्त्राच्या साहाय्याने शोधता येईल.

करुण रसाचा आस्वाद घेणाऱ्या सहृदयाची जी कल्पना भरतापासून अभिनवगुप्तापर्यंत विकसित होत गेली, तिच्या मुळाशी साधारणीकरणाचे तत्त्व आहे. रंगमंचावरील शोक अमुक एका व्यक्तीचा राहत नाही, म्हणूनच प्रेक्षकाला त्याचा आस्वाद घेता येतो. तो रडतो, पण उठून रंगमंचावर जात नाही. कारण तेथे मदत करण्याजोगे कोणी नाही, हे त्याला ठाऊक असते. ही मदत करण्याची असमर्थता हेच त्याच्या आस्वादाचे आणि विवेकाचेही संरक्षक कवच आहे.

रिॲलिटी शोने हे कवच काढून घेतले. येथे शोक खराच अमुक एकाचा आहे. त्याचे गाव, त्याचे पोरकेपण, त्याचे घर सर्व खरे आहे. आणि प्रेक्षकाच्या हातात एक कळ दिलेली आहे. कळ दाबली असता त्या मनुष्याचे काही भले होणार आहे. अशा स्थितीत मनात उद्भवणारा भाव करुण रस नव्हे, ती दया होय. आणि दयेची स्वाभाविक परिणती आस्वादात नव्हे, दानात होते. समोर तहानलेला मनुष्य उभा असताना त्याच्या उभे राहण्याच्या ढबीवर टीका करीत बसणारा रसिक नव्हे, तो कठोर होय. तेव्हा प्रेक्षकाने येथे पारख बाजूस ठेवली यात त्याच्या अभिरुचीचा दोष नाही. त्याने प्रसंग अचूक ओळखला. प्रसंग दानाचा आहे हे त्याला कळले. त्यावर पाटी मात्र स्पर्धेची होती.

दोष या पाटीत आहे, आणि तो निरुपद्रवी नाही. आहेराला निर्णय म्हटल्याने दोघांचे नुकसान होते. जो गुणावर उतरला त्याला वाटते की आपला गुण नाकारला गेला. वस्तुतः तो पारखलाच गेला नव्हता. आणि ज्याला आहेर मिळाला त्याला सांगितले जाते की तुझा गुण सिद्ध झाला. एप्रिल २०२५ मध्ये सूरज चव्हाण याला नायक करून केदार शिंदे यांनी ‘झापुक झुपूक’ हा चित्रपट आणला. तो पाहावयास ज्या संख्येने लोक यावेत अशी अपेक्षा होती, तितके आले नाहीत. यावरून काहींनी प्रेक्षकांना चंचल ठरविले. परंतु चित्रपटाचे तिकीट काढणारा मनुष्य पारख करीत असतो. आहेर त्याने आधीच करून टाकलेला होता. प्रेक्षक बदलला नाही. त्याच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या गेल्या, आणि पहिलीवरून दुसरीचा अदमास बांधणाऱ्यांचा हिशेब चुकला. त्या हिशेबाचे ओझे मात्र एका तरुण मनुष्याच्या माथी आले.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. लोकांनी आपल्यातल्या एकाला वर उचलले, यात बिघडले काय? शहरी, शिकलेली, गोरीगोमटी माणसेच पडद्यावर दिसावीत असा रिवाज एका खेडुताने मोडला, हे स्वागतार्ह नव्हे काय? हा आक्षेप सबळ आहे, आणि त्यातील आनंद खराही आहे. परंतु खेड्यातील मनुष्य पडद्यावर आला तो कोणत्या अटीवर, हे पाहावे लागते. तो भोळा असावा, दुःखी असावा, त्याने वाद घालू नये, अशी ही अट आहे. उसाच्या दरावरून कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत उभा राहून भांडणारा खेडूत कोल्हारच्या परिसरात पैशाला पासरी आहे. तो त्या घरात गेला असता तर त्याला किती आहेर झाला असता?

६

आहेर आणि पारख यांतील फरक प्रेक्षकाच्या मनात टिकून राहतो याचा आणखी एक पुरावा आहे, आणि तो अधिक आशादायक आहे. २००८-०९ मध्ये झी मराठीवर ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ हे पर्व झाले. अवधूत गुप्ते व वैशाली सामंत परीक्षक होते आणि सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांच्याकडे होते. महाअंतिम फेरीत पाच मुले पोहोचली : कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत. विजेती आळंदीची कार्तिकी ठरली. फेब्रुवारी २००९ मधील त्या निकालावर महाराष्ट्रात घरोघरी चर्चा झाली, आणि ती चर्चा गाण्याविषयी होती. कोणाचा खुला आवाज, कोणाची तान, कोणाचे शब्दोच्चार, लोकगीताला काय हवे आणि नाट्यगीताला काय, यांवर अशी माणसे बोलू लागली ज्यांनी पूर्वी गाण्याविषयी ‘छान’ यापलीकडे शब्द उच्चारला नव्हता.

पुढे काय झाले ते मननीय आहे. निकालाने एकीला निवडले. स्मृतीने पाचही जणांना ठेवले. ‘पंचरत्ने’ म्हणून त्यांचा उल्लेख होत राहिला, आणि २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात ही पाचही मंडळी परीक्षकांच्या आसनावर एकत्र बसली. कोल्हारच्या बाईंना पहिल्या पर्वातील पाच नावे क्रमाने आठवतात. परंतु पहिला, दुसरा, तिसरा हा क्रम त्यांना सांगता येत नाही, आणि त्याची त्यांना फिकीरही नाही. मतांची गणना एका संध्याकाळपुरती होती. मत बारा वर्षांनंतरही टिकले.

असे या पर्वात का झाले आणि इतरत्र का होत नाही, याचे एक कारण स्पष्ट आहे. तेथे गाणे होते. ज्या स्पर्धेत एखादी कसोटी ऐकू येते, तेथे प्रेक्षक आहेर करीत असतानाही पारख शिकतो. कसोटी जितकी धूसर, तितकी पारखेला जागा कमी. २००४ मध्ये सुरू झालेले ‘होम मिनिस्टर’ यांपैकी कशातच मोडत नाही, आणि म्हणूनच ते प्रामाणिक वाटते. आदेश बांदेकर घरी येत, वहिनींशी चार खेळ खेळत, आणि जिंकणारीला पैठणी मिळे. तेथे खेळ निमित्तमात्र आणि मान मुख्य, हे सर्वांना कबूल होते. आहेराला आहेरच म्हटले जाई. त्यामुळे शेजारच्या येवल्याच्या त्या वस्त्रावरून कोणाच्या गुणाचा निवाडा झाला, असे कोणी मानले नाही.

७

स्पर्धांच्या बाबतीत इतकी उदार असणारी ही प्रेक्षक मालिकांच्या बाबतीत विलक्षण कठोर आहे. वर जे विवेचन केले त्यावरून हे अपेक्षितच म्हटले पाहिजे. मालिकेतील पात्राला मदत करता येत नाही. म्हणून त्याची पारख करता येते.

‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका २०१६ ते २०२१ पर्यंत चालली. तिचा नायक राणा हा कोल्हापूरकडचा शेतकरी आणि मल्ल. मनाने अतिशय भोळा. त्याला शिक्षिका असलेली अंजली पत्नी म्हणून लाभते. म्हणजे सूरजच्या निमित्ताने जो साधेपणा जिंकला, तोच येथे लेखकाने कल्पनेने उभा केलेला आहे. या राणाविषयी गिरणीवाल्या बाईंचा आक्षेप मार्मिक आहे. शेती करणारा मनुष्य इतका भोळा असू शकत नाही, असे त्या म्हणतात. ज्याला बाजारात माल विकावयाचा आहे, पाटाच्या पाण्याची पाळी सांभाळावयाची आहे, मजुरांचा हिशेब चुकता करावयाचा आहे, तो बोलण्यात सरळ असेल. व्यवहारात बावळट नसेल. त्यांच्या मते लेखकाला दोहोंतला फरक कळला नाही. हा आक्षेप म्हणजे पात्राच्या संभवनीयतेविषयीचा आक्षेप होय, आणि आपल्या एखाद्या चर्चासत्रात ग्रामीण कादंबरीविषयी तो मांडला गेला असता तर त्याची नोंद झाली असती. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. ज्या साधेपणाला त्यांनी मत दिले, त्याच साधेपणाचे चित्रण त्यांनी खोटे ठरविले. दोन्ही वेळा त्या आपल्या जागी बरोबर होत्या.

दुसरे उदाहरण ‘आई कुठे काय करते’ या मालिकेचे. बंगाली ‘श्रीमोयी’वर आधारलेली ही मालिका डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. घरासाठी राबून स्वतःला विसरलेली अरुंधती पतीच्या प्रतारणेनंतर त्याच्यापासून विभक्त होते, गाण्याकडे परत वळते, पुढे आशुतोषशी विवाह करते. आणि कालांतराने त्या आशुतोषचाही मृत्यू होतो. बाईंच्या मते मालिका अरुंधती घराबाहेर पडते तेथवर सरस होती. दुसऱ्या विवाहाला त्यांचा विरोध नव्हता; गिरणीत त्यावरून दोन तट पडले तेव्हा त्या अरुंधतीच्या बाजूने भांडल्या होत्या. त्यांचा राग आशुतोषच्या मृत्यूवर आहे. तो मृत्यू कथेतून आला नाही, तो आणला गेला, असे त्यांचे म्हणणे आहे. माणसे अकस्मात मरतात हे त्यांना मान्य आहे. परंतु ज्या बाईला इतक्या कष्टाने उभे केले तिला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून बसविण्यासाठीच हा मृत्यू योजला, हे त्यांना स्पष्ट दिसते. गोष्ट संपली होती आणि मालिका संपावयाची नव्हती, हे त्यांनी केलेले निदान आहे.

हे निदान मालिकेच्या अर्थव्यवहारापर्यंत जाऊन पोहोचते. मालिकेत प्रेक्षकाला मत मागितले जात नाही, तरी मोजणी तेथेही आहेच. देशभरातील निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून कोणता कार्यक्रम किती पाहिला गेला याचे आकडे दर आठवड्याला निघतात, आणि त्यांवर कथानकाची दिशा व आयुष्य अवलंबून राहते. ‘हम लोग’ ही मालिका १९८४-८५ मध्ये दूरदर्शनवर चालू होती, तेव्हा प्रेक्षकांची पत्रे मोठ्या संख्येने येत, आणि भागाच्या अखेरीस अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत. पत्रात कारण असे. अमुक पात्राने असे वागावयास नको होते, कारण अमुक. असे वाक्य पत्रात लिहिता येते. यंत्राला फक्त इतकेच कळते की संच चालू होता. बाई आशुतोषच्या मृत्यूवर चिडून पाहत होत्या की गहिवरून, हे त्याला कळत नाही. त्यांचा राग आणि दुसऱ्या कोणाचा गहिवर यांची बेरीज एकाच रकान्यात होते. आणि ती बेरीज वाढलेली दिसली की आणखी एक मृत्यू योजला जातो.

८

या विवेचनातून जे निष्पन्न होते ते संक्षेपाने असे. दूरचित्रवाणीने प्रेक्षकाला मत देण्याचा अधिकार दिला असे म्हटले जाते; प्रत्यक्षात तिने त्याचे मत मोजले, ऐकले नाही. स्पर्धेत त्याच्या दानाला निर्णयाचे नाव दिले, आणि मालिकेत त्याच्या रागाला पसंतीचे. या दोन्ही ठिकाणी प्रेक्षक स्वतः मात्र गोंधळलेला नाही. कोठे द्यावयाचे आणि कोठे तोलावयाचे, हे त्याला कळते. ते कळत नाही अशी समजूत करून घेणारे आपणच. कारण आपण निकाल वाचतो, चर्चा ऐकत नाही.

विद्यापीठीय समीक्षेने या विषयाकडे पाठ फिरविण्याचे कारण बहुधा असे दिले जाते की या कार्यक्रमांत वाङ्मयीन मूल्य नाही. हे खरे मानले तरी त्यांच्याविषयीच्या बोलण्यात मूल्यविवेक आहे, आणि मूल्यविवेक हाच समीक्षेचा विषय होय. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना याबाबत एक काम सुचवावेसे वाटते. आपापल्या गावातील प्रेक्षकांची मते त्यांच्याच बोलीत टिपून घ्यावीत, आणि टिपताना दोन प्रश्न निरनिराळे विचारावेत : मत कोणाला दिले, आणि तुमचे मत काय. दोन्ही उत्तरे एक निघाली तर प्रस्तुत लेखातील प्रतिपादन तितक्यापुरते दुबळे ठरेल. निराळी निघाली तर त्या अंतरात आपल्या समाजाची दया, त्याचा न्याय आणि त्याची रसिकता ही तिन्ही अलग अलग दिसू लागतील.

लोकांची अभिरुची खालावली असे म्हणण्यापूर्वी एवढे करणे अगत्याचे आहे. आहेराच्या पाकिटावरून घरातील पाहुण्यांच्या बुद्धीचा अंदाज कोणी बांधीत नाही. त्यासाठी त्यांच्याशी बोलावे लागते.